पंच आऊट केल्यानंतरचे मेसेज कोणत्या तासांत धरायचे?

भांडुपकर

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात मी सेल्सला आहे. फ्लोअरवरचे आम्ही सव्वीस जण कंत्राटदाराच्या पेरोलवर. पगार तासावर. आत शिरताना मशीनवर अंगठा, निघताना अंगठा, जेवणाचा अर्धा तास वजा, आणि महिनाअखेर जितके तास तितके पैसे. आधीच्या नोकरीत ठोक पगारावर बारा-बारा तास उभी राहिले होते, म्हणून हा हिशेब मला मनापासून आवडला होता. पण फोनवर जे काम चालतं त्याला अंगठा लावायची सोय नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारी माझं क्लोजिंग होतं, दुपारी एक ते दहा. कॅश टॅली, बॅगा चेक, सगळं आटोपून बाहेर पडायला साडेदहा. करी रोडहून स्लो पकडली, भांडुपला उतरून घरी पोचेपर्यंत साडेअकरा. सासूबाईंनी झाकून ठेवलेला वरणभात गरम करून खाल्ला, फोन ओट्याजवळ चार्जिंगला लावला आणि झोपले. ११ वाजून ५२ मिनिटांनी ग्रुपवर मेसेज पडला : "उद्या ११ च्या शिफ्टवाले ९ ला रिपोर्ट करा. डिस्प्ले बदलायचाय. सगळ्यांनी ओके टाका." मी तो पाहिला सकाळी सव्वासातला, पाणी भरून झाल्यावर. मुलीचा डबा, तिला रिक्षात बसवणं, गाडीची गर्दी... धावतपळत गेले तरी अंगठा लागला ९:३५ ला. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत काम केलं. पगाराच्या स्लिपमध्ये हाफ डे! चार तास कापले. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मेसेज पोचला होता ना? बाकी सगळ्यांचा ओके आला, तुझा नाही आला."

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. रात्री बारा वाजता ओके टाकणं हे माझं काम असेल, तर त्या वेळी मी कामावर होते, त्याचे पैसे लागतात. ते माझं काम नसेल, तर मग हाफ डे कशाबद्दल?

मुलीची अर्धी कोरी राहिलेली चौरेघी वही घेतली आणि चौदा दिवस सगळं लिहून ठेवलं. अंगठा नसलेल्या वेळेत उत्तर द्यावंच लागलं असे मेसेज २३. त्यातल्या ९ वेळा नुसता ओके पुरला नाही, खरंच काम करावं लागलं. एकूण ३ तास ४० मिनिटं. या वेगाने महिन्याला जवळजवळ एक अख्खी शिफ्ट होते.

एक प्रसंग सांगते. मंगळवारी माझा वीक ऑफ. मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल. सोमवारी एका गिऱ्हाइकाची पॅन्ट अल्टरेशनला घेतली होती, ती सापडेना आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं. समोरची मुलगी मला एकेक ड्रॉवर उघडून दाखवतेय, "वरचा का खालचा, ताई?" एका हातात मेथी, दुसऱ्या हातात फोन, अशी २२ मिनिटं. शेवटी पॅन्ट ट्रायल रूमच्या मागच्या हुकावर मिळाली. मला बरंच वाटलं, त्या मुलीची तरी सुटका झाली. पण ती २२ मिनिटं कुठेच नोंदली गेली नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे तास कायद्याने धरले जातात का? आणि कुणी आपल्या कामाच्या ठिकाणी हे थांबवून घेतलंय का?

फलाट_क्र_४

ताई, सेम परिस्थिती. माझा भाऊ खाजगी हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय. ड्युटी बारा तासांची, ती संपवून घरी येऊन अंग टाकतो न टाकतो तोच "रिलिव्हर आला नाही, डबल मारतोस का?" नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात ड्युट्याच कमी लावतात. तोंडाने कुणी काही बोलत नाही, पण चार्ट लागला की कळतं.

दोन_चहा

मी दहा वर्षं रिटेलमध्ये आहे, त्यातली चार सुपरवायझर म्हणून. खरं सांगतो, माझ्या हातूनही असे हाफ डे लागलेत. त्यामुळे माझं ऐकून घ्या आणि रागवायचं तर रागवा.

रात्री साडेअकराला एरिया मॅनेजरचा मेसेज येतो. सकाळी टीम येणार, फ्लोअर तयार पाहिजे. त्याला वरून आलेलं असतं. मी तो ग्रुपवर टाकतो. माणसं जमली नाहीत तर सकाळी माझी खरडपट्टी निघते. एकेकाला फोन करत बसलो तर सव्वीस फोन, म्हणून "ओके टाका". त्या ओकेंचा स्क्रीनशॉट वर पाठवला की मला झोप लागते. समोरचा माणूस त्या वेळी गाडीत लटकतोय, झोपलाय की आजारी आहे, याचा विचार करायला माझ्यापाशी जागाच उरत नव्हती. हे सफाई म्हणून सांगत नाही. हा मेसेज पायरी-पायरीने खाली येतो आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ज्याचा पगार तासाला मोजला जातो तोच बसलेला असतो, एवढंच सांगायचंय.

आमच्याकडे एक बदल मात्र केला आणि तो टिकलाय. दुसऱ्या दिवसाचा रोस्टर संध्याकाळी सात वाजता बंद. नंतर काही बदललं तर ग्रुपवर टाकायचं नाही, मी स्वतः फोन करायचा, आणि ज्याने फोन उचलला नाही त्याची आधीची वेळ कायम. वर सांगितलं, सातच्या आत कळवा, नाहीतर माणसं मिळणार नाहीत. पहिला महिना बोलणी खाल्ली. मग त्यांच्याकडूनही मेसेज लवकर यायला लागले.

भांडुपकर

@दोन_चहा, दादा, राग नाही आला. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. आमच्या सुपरवायझरलाही लहान बाळ आहे, तोही रात्री जागाच असतो. सातचा नियम वहीत लिहून घेतला.

कोडवाला_पवई

थोडं वेगळं मत मांडतो. आयटीत आम्हाला रात्री दोनला फोन येतात, सर्व्हर पडला की उठून बसायचं. कुणी वेगळे पैसे देत नाही. आजकाल प्रत्येक नोकरीत एवढं गृहीतच धरावं लागतं. मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला तर मालकही मिनिटं मोजेल, चहाची, बाथरूमची.

भांडुपकर

@कोडवाला_पवई, दादा, आमची ती मिनिटं आत्ताच मोजली जातात. जेवण अर्ध्या तासाचं, त्याला पाच मिनिटं जास्त लागली तर मशीन पाच मिनिटं कापतं. तुमचं जागरण वाईटच, पण महिन्याचा पगार ठरलेला असतो. मुलीला ताप आला म्हणून मी एक दिवस घरी राहिले तर त्या दिवसाचे शून्य पैसे. कमी झालेल्या मिनिटाचे कापायचे आणि जास्त झालेल्या मिनिटाला "एवढं तर चालतंच" म्हणायचं, हे मला पटत नाही.

कोडवाला_पवई

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दा मान्य.

काळा_कोट

मी कामगार न्यायालयात प्रॅक्टिस करते. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर देते.

दुकानांना महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास करायला मंजुरी दिली आणि कायदा १० ऐवजी २० कामगारांपासून लागू करायचं ठरवलं. तुम्ही सव्वीस जण आहात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. आठवड्याचे ४८ तास आणि दुप्पट दर कायम आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत.

"घरून मेसेजला उत्तर दिलं तर तो कामाचा वेळ" असं स्पष्ट वाक्य यात कुठे नाही. पण हा मेसेज नाही, हे काम आहे, असं दाखवता आलं तर वाट निघते. तुमचा हाफ डे हाच त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. उत्तर दिलं नाही म्हणून पैसे कापले, म्हणजे उत्तर देणं सक्तीचं होतं, हे त्यांनीच लिहून दिल्यासारखं आहे. आणि ९:३५ ते ६ या वेळेचा अंगठा असताना चार तास कापणं हा तर सरळसरळ वेतनकपातीचा प्रश्न आहे, त्यासाठी मेसेजच्या वादात शिरायचीही गरज नाही. ३५ मिनिटं उशीर झाला असेल तर कपात ३५ मिनिटांची.

त्या चारपैकी वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षं मिळतात, आणि देणं चुकतं केलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाला द्यावे लागतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आत्ता करायचं ते : ग्रुपमधले मेसेज पुसू नका आणि ग्रुप सोडू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकू नका, बदलू नका. वही चालू ठेवा. तारीख, वेळ, कुणाचा मेसेज, किती मिनिटं. त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदीला वजन असतं.

रातराणी

ते "राइट टू डिस्कनेक्ट", म्हणजे कामाच्या वेळेनंतर फोन-मेसेजला उत्तर न देण्याच्या हक्काच्या विधेयकाचं काय झालं? पेपरात वाचलं होतं.

काळा_कोट

सुप्रिया सुळे यांनी ते २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नाही, एका खासदाराने मांडलेलं. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी १४ विधेयकंच मंजूर झाली आहेत, शेवटचं १९७० मध्ये. म्हणून त्याची वाट पाहत बसू नका असं मी माझ्या पक्षकारांना सांगते. फ्रान्समध्ये २०१७ पासून हा हक्क आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कामाच्या वेळेबाहेर उत्तर नाकारणं वाजवी होतं का हे ठरवताना, उपलब्ध राहण्याचे त्या माणसाला पैसे मिळतात का हेही बघायचं असतं.

तासिकावाली

वाचून राहवलं नाही. तुम्ही अंगठ्यावर, आम्ही तासिकेवर. सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिकेप्रमाणे पैसे) कॉलेजात शिकवते, नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालीय, सहावं वर्ष. आठवड्याला सात तासिका, त्यांचेच पैसे, तेही कधी चार-चार महिन्यांनी एकदम.

ग्रुप मात्र पाच. विभागाचा, परीक्षेचा, नॅकचा (कॉलेजच्या मूल्यांकनाचा), आणि दोन वर्गांचे. "सर्व प्राध्यापकांनी आज रात्रीपर्यंत गूगल फॉर्म भरावा" यात सर्व म्हणजे आम्हीही. पगाराच्या पत्रकात मात्र आम्ही "सर्व"मध्ये नसतो. गेल्या दिवाळीत फराळाच्या पिठात हात असताना माझ्याकडून इंटर्नल मार्क भरून घेतले. मुलांचे मार्क अडकू नयेत म्हणून मी भरले. मुलं रात्री शंका विचारतात त्याचं मला कधीच ओझं वाटलेलं नाही, ते माझंच काम आहे. पण विद्यार्थ्यांवरच्या त्या जिव्हाळ्यावरच सगळी व्यवस्था चालते, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून "नाही" हा शब्द तोंडातून निघत नाही.

मुलुंड_ते_एडिसन

मी इथे न्यू जर्सीत एका स्टोअरमध्ये असिस्टंट मॅनेजर आहे. इकडे तासावरचा आणि ठोक पगारावरचा माणूस कायद्यातच वेगळा आहे. १९३८ चा फेडरल कायदा आहे, आठवड्याला ४० तासांवर गेलं की दीडपट. त्यातला महत्त्वाचा भाग असा की मालकाने सांगितलेलंच काम मोजायचं असं नाही. मालकाला कळतंय आणि तो होऊ देतोय, तर तेही मोजायचं. म्हणून आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावतात, तासावरच्या पोराला सुट्टीच्या दिवशी टेक्स्ट करू नका. केलाच तर तेवढी मिनिटं टाइमशीटमध्ये टाका. तरीही लोक करतात आणि मग दावे होतात. सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही.

१९४४ चा एक निकाल आम्हाला शिकवला होता. टेक्सासमध्ये एका मांसाच्या कारखान्यात आग विझवणारे सात कामगार होते. आठवड्यात तीन-चार रात्री त्यांनी आवारातच थांबायचं, घंटा वाजली की धावायचं. एरवी झोपा, पत्ते खेळा. मालक म्हणाला, झोपण्याचे पैसे कसले? सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वाट पाहणं हेसुद्धा काम असू शकतं, प्रत्येक प्रकरणात परिस्थिती बघून ठरवायचं. ओट्याजवळच्या त्या फोनचं वाचलं आणि हेच आठवलं.

चिंचपोकळी

वय ७४. वडील आणि थोरला भाऊ दोघेही गिरणीत. वाट पाहण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

गिरणीत बदली कामगार असत. रोज शिफ्टच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार जेवढे गैरहजर तेवढ्या बदल्या आत घेणार. जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, बोट दाखवील तो आत, बाकीचे माघारी. भाऊ चार वर्षं बदली होता. पहाटे साडेपाचला डबा घेऊन जायचा आणि कित्येकदा साडेसातला तोच भरलेला डबा घेऊन परत. आई डबा उघडून भाकरी कुस्करायची, आम्हा लहानांना वाढायची, त्याला विचारायची नाही. त्या दोन तासांचा पगार त्याला कधी मिळाला नाही. भाऊ गेला तेव्हा आईने तो डबा मला दिला. अजून माझ्याकडे आहे.

ताईंच्या दुकानाचा मॉल ज्या भागात आहे तिथल्या बहुतेक जमिनी गिरण्यांच्याच. गेट गेलं, पण गेटवर उभं राहणं गेलं नाही, ते फोनमध्ये आलंय असं मला वाटतं. आणि एका बाबतीत तर आमचं बरं होतं. भोंगा वाजला की शिफ्ट सुटली हे अख्ख्या लालबाग-परळला ऐकू जायचं. जॉबर कितीही जबर असला तरी रात्री बाराला खोलीत येऊन "ओके" मागत नव्हता.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बाया उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. तुमच्या जेवणाचा तो अर्धा तास त्या निवेदनात आहे, ताई.

शुक्रतारा

मला मालकाच्या बाजूने लिहायचंय, कारण इथे आपल्यातले बहुतेक जण घरी कुणाला तरी कामावर ठेवतात. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. मी त्यांना रात्री दहाला मेसेज टाकते, "उद्या सहाला याल का, पाहुणे आहेत." त्यांचा फोन मुलाकडे असतो. मुलगा रात्रपाळीला. उत्तर आलं नाही की मी सकाळी चिडलेली. हा धागा वाचून काल त्यांना विचारलं, किती घरांचे मेसेज येतात? म्हणाल्या, सात घरं, आणि सगळ्यांना रात्रीच आठवतं. मी यापुढे त्या समोर असतानाच दुसऱ्या दिवसाचं बोलायचं ठरवलंय. अचानक लवकर बोलावलं तर त्या दिवसाचे वेगळे पैसे.

भांडुपकर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी जेवणाच्या सुट्टीत तिघींना वाचून दाखवला. एकीचे आजोबा गिरणीत बदली होते, तिला माहीतच नव्हतं बदली म्हणजे काय.

काय झालं ते लिहिते. आम्ही पाच जण वही घेऊन फ्लोअर मॅनेजरकडे गेलो. दोन_चहा दादांचा सातचा नियम सांगितला. ते म्हणाले आठपर्यंत करू. गेल्या बुधवारपासून रोस्टर आठच्या आत येतोय, एकदाच पावणेनऊ झाले. वीक ऑफला फोन करायचा झाला तर आधी सुपरवायझरला विचारायचं, हेही मान्य केलं.

हाफ डेचे पैसे मात्र मिळाले नाहीत. कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, "सिस्टीममध्ये क्लोज झालंय." आणि ३ तास ४० मिनिटांबद्दल तर तो म्हणाला की अंगठ्याशिवाय तास चढतच नाहीत. मी अर्ज लिहिलाय, काळा_कोट ताईंनी सांगितल्याप्रमाणे हाफ डेचा मुद्दा वेगळा आणि मेसेजचा वेगळा. पाचातल्या तिघांनी सही केली. दोघांनी नाही केली, एकाची बहीण त्याच कंत्राटदाराकडे आहे आणि दुसऱ्याचं होम लोन. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही.

मंगळवारी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, अर्ज द्यायला जाणार आहे. आधी कुणी गेलंय का? काय काय न्यावं लागतं?

फलाट_क्र_४

भावासाठी गेलो होतो. रिझर्व्ह बँकेच्या समोर, ई ब्लॉक. बांद्रा पूर्वेहून शेअर रिक्षा मिळते, सकाळी लवकर जा. पगाराच्या स्लिपा, आयडी कार्डची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट, आणि वहीच्या पानांच्याही झेरॉक्स, मूळ वही देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का मारून घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.